हौसेचं मोल कुणी द्यायचं?

१५ जुलै १९६९. अपोलो-११ दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राकडे निघणार होतं. फ्लॉरिडातल्या अवकाशतळाजवळच्या मोकळ्या मैदानात पाऊस भुरभुरत होता आणि खेचरांच्या गाड्या घेऊन काही गरीब कुटुंबं तिथे येऊन उभी राहिली होती. त्यांच्या पुढे होते राल्फ अ‍ॅबरनॅथी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांच्या चळवळीची धुरा उचललेले धर्मोपदेशक. एकीकडे ११० मीटर उंचीचं सॅटर्न रॉकेट, दुसरीकडे खेचरं. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. अ‍ॅबरनॅथींचं म्हणणं सरळ होतं: देशातल्या पाचातल्या एका माणसाला धड अन्न, कपडा, निवारा आणि औषधपाणी मिळत नाही, मग हा पैसा चंद्रावर का? पेन म्हणाले, उद्या बटण न दाबल्याने गरिबीचा प्रश्न सुटणार असेल, तर आम्ही बटण दाबणार नाही.

अवकाश संशोधनाचे समर्थक आजही याच उत्तराच्या आधाराने बोलतात. शब्द बदलतात, गाभा तोच. मला ते उत्तर निम्मं पटतं. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र बरंच बोलायला हवं, कारण तिथेच आपण समर्थक मंडळी अंग चोरतो.

आधी पटणारा भाग. अपोलोच्या ठरलेल्या शेवटच्या तीन मोहिमा १९७० साली रद्द झाल्या. पैसा वाचवायचा होता. त्यांच्यासाठीची यंत्रसामग्री बरीचशी तयार होती, तिचे पैसे भरून झाले होते. उड्डाणासाठी बांधलेले टप्पे जोडून उभं केलेलं, खरं तर आडवं ठेवलेलं, एक सॅटर्न रॉकेट आजही ह्यूस्टनमध्ये पाहायला मिळतं. ते चंद्रावर गेलं नाही आणि त्याच्या न जाण्याने कुणाचं ताटही भरलं नाही. सरकारी तिजोरीत एका खात्याची तरतूद कापली म्हणजे ती रक्कम आपोआप सगळ्यात गरजू खात्याकडे चालत जात नाही. ती युद्धाकडे जाते, करसवलतीकडे जाते, तूट भरायला जाते. गरजूकडे न्यायची तर त्यासाठी वेगळं राजकारण करावं लागतं, आणि ते रॉकेट उडत असतानाही करता येतं.

याचा पुरावा त्याच काळात सापडतो. १९६७ साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीच्या रोगाच्या उच्चाटनाची जोरदार मोहीम हाती घेतली आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. विसाव्या शतकात या रोगाने सुमारे ३० कोटी माणसं मारली असा अंदाज आहे. उच्चाटनाचा सगळा खर्च साधारण ३० कोटी डॉलर. अपोलोचा साधारण २,५०० कोटी डॉलर, म्हणजे ऐंशीपटीहून जास्त. या आकड्यांकडे पाहून कुणी म्हणेल, बघा, चंद्राच्या पैशात केवढं काम झालं असतं! मला उलटं दिसतं. देवी घालवायला चंद्राच्या पैशाची गरजच पडली नाही. त्याआधीची कित्येक वर्षं अडलं होतं ते ३० कोटी डॉलरवर नव्हे. कुणाला ते मनापासून करायचं होतं का, यावर.

तेव्हा ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ हा युक्तिवाद अर्थसंकल्पाला जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय ती म्हण क्रम सांगते, विठोबा रद्द करा असं सांगत नाही. आणि पोटोबा संपूर्ण शांत झाल्यावरच पुढचं, असा नियम लावला असता तर वेधशाळा, ग्रंथालयं, विद्यापीठं यांतलं काहीही कधीच उभं राहिलं नसतं.

आता न पटणारा निम्मा भाग. ‘बटण न दाबल्याने गरिबी हटणार नाही’ हे कुठल्याही उधळपट्टीबद्दल म्हणता येतं. मंत्र्यांचे बंगले, न लागणारी विमानं, पुतळे; एकेक घेतलं तर यातलं काहीच न केल्याने गरिबी हटत नाही. टक्केवारीचा बचावही त्याच जातीचा. भारताच्या अवकाश विभागाला २०२४-२५ सालच्या अर्थसंकल्पात १३,०४२ कोटी रुपये मिळाले, एकूण अर्थसंकल्प सुमारे ४८ लाख कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांतले २७ पैसे. नासाचा वाटाही आज अमेरिकी केंद्रीय खर्चाच्या अर्ध्या टक्क्याखाली आहे. हे आकडे एका गैरसमजावर उतारा म्हणून उपयोगी आहेत, कारण हा वाटा कैकपटींनी मोठा असावा अशी अनेकांची समजूत असते. पण ‘एवढेसेच तर आहेत’ हे समर्थन नव्हे. थेंबे थेंबे तळे साचते ते बचतीत आणि उधळपट्टीतही. आणि हा वाटा कायम एवढासाच होता असंही नाही. १९६६ साली नासाकडे अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातले ४.४ टक्के जात होते. त्या दशकातल्या जनमत चाचण्या पाहिल्या तर बहुसंख्य अमेरिकनांना हा खर्च योग्य वाटत नव्हता. माणसाने चंद्रावर पाय ठेवला तेव्हा काय तो कल बदलला आणि लगेच पुन्हा उतरला. आज सगळे ज्या क्षणाचा अभिमान बाळगतात, त्याला तेव्हाच्या करदात्यांची संमती जेमतेमच होती.

आणखी एक दुबळा युक्तिवाद आधीच बाजूला करतो: ‘अवकाश संशोधनातून रोजच्या वापराच्या किती वस्तू मिळाल्या!’ या यादीत नेहमी टेफ्लॉन आणि वेल्क्रो असतात. टेफ्लॉन १९३८ साली सापडलं, नासा स्थापन झाली १९५८ साली. वेल्क्रो एका स्विस अभियंत्याने कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या कुसळांवरून घडवलं. खरीखुरी उदाहरणंही आहेत, नाही असं नाही. पण एखाद्या वस्तूसाठी पैसे घालायचे असतील तर थेट त्या वस्तूच्या संशोधनात घालावेत. वाटेत चंद्राला वळसा कशाला?

माझं म्हणणं असं की ‘अवकाश की भाकरी’ हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. खरी झोंबाझोंबी अवकाशाच्या खात्यात आतल्या आत चालते आणि ती बाहेरच्यांना दिसत नाही. जेम्स वेब दुर्बिणीचा सुरुवातीचा अंदाज एक अब्ज डॉलरच्या आसपास होता. २०२१ च्या नाताळला ती उडाली तोवर खर्च दहा अब्जांवर गेला होता. ती वाढ कुठल्या रुग्णालयाच्या तरतुदीतून आली नाही, बव्हंशी नासाच्याच इतर कामांच्या वाट्यातून आली. म्हणून विचारायचं ते हे: सार्वजनिक पैसा कुठल्या अवकाशात जावा?

कारण ‘अवकाश’ या एका शब्दाखाली आपण तीन अगदी वेगळी कामं कोंबतो. वर जाऊन खाली बघणं, वर जाऊन लांब बघणं, आणि माणूस वर पाठवणं.

खाली बघण्याबद्दल वाद फारसा उरू नये. पहिला हवामान उपग्रह १९६० सालचा. आज हवामानबदल मोजायला शास्त्रज्ञ ज्या गोष्टींवर नजर ठेवतात, त्यांतल्या अर्ध्याहून अधिक उपग्रहांच्या मदतीशिवाय नीट मोजताच येत नाहीत. ग्रेस नावाच्या उपग्रहजोडीने तर कमालच केली. एकमेकांमागे फिरणाऱ्या त्या दोन उपग्रहांमधलं अंतर खालच्या गुरुत्वाकर्षणानुसार किंचित बदलतं. त्या बदलावरून वायव्य भारतातून २००२ ते २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाल्याचं शास्त्रज्ञांनी काढलं. विहिरीत न डोकावता, शेकडो किलोमीटर वरून. पंप काही त्यामुळे थांबले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

ती गोष्ट वेगळी, पण महत्त्वाची. उपग्रहाचे भाट इथे जरा गप्प बसतात. नोव्हेंबर १९७० मध्ये बंगालच्या उपसागरातल्या भोला चक्रीवादळाने तीन ते पाच लाख माणसं घेतली. ते वादळ उपग्रहाने टिपलं होतं. माणूस चंद्रावर जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, पण वरचं चित्र खालच्या बेटांवरच्या झोपडीपर्यंत पोचवणारी साखळीच नव्हती. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ साली फायलीन आलं तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. हे उदाहरण अवकाशाचा विजय म्हणून सांगितलं जातं. पण उपग्रह तर १९९९ सालीही वर होता! मधल्या काळात बदललं ते खालचं: वादळात टिकणारे पक्के निवारे बांधले गेले, गावोगाव माणसं तयार केली गेली, आणि हातातलं काम सोडून घर रिकामं करायला सांगणाऱ्यावर लोकांनी विश्वास ठेवावा असं काहीतरी घडलं. फायलीनच्या वेळी दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली. निवाऱ्यांवर खर्च केला नसता तर उपग्रह फक्त मरण कधी येणार हे सांगत बसला असता. उपग्रह नसता तर दहा लाख माणसांना कुठून आणि कधी हलवायचं हेच कळलं नसतं. इथे दोन खर्च एकमेकांचे वैरी नाहीत; एकाशिवाय दुसरा वाया जातो.

आणि हे काम बाजारावर सोपवून पाहिलेलं आहे. पृथ्वीची छायाचित्रं घेणारा अमेरिकेचा लँडसॅट कार्यक्रम १९७२ पासूनचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्याच्या छायाचित्रांची विक्री एका खासगी कंपनीच्या हाती दिली. एका छायाचित्राची किंमत काही शे डॉलरवरून चार हजारांवर गेली आणि वापर आटला. विद्यापीठं आणि गरीब देश सगळ्यात आधी बाहेर पडले. नव्वदच्या दशकात सरकारने कार्यक्रम पुन्हा ताब्यात घेतला, २००८ साली सगळा साठा फुकट खुला केला, आणि जिथे दिवसाला मोजकी छायाचित्रं विकली जात होती तिथे रोज हजारो उतरवून घेतली जाऊ लागली. जंगलतोड, पिकं, पाणी, शहरांची वाढ यांचा जगभरचा अभ्यास त्या साठ्यावर उभा आहे. करदात्याने एकदा पैसे दिलेले आहेत, त्याला तीच गोष्ट पुन्हा विकू नये, इतकं साधं हे तत्त्व. पण ते गळी उतरायला छत्तीस वर्षं लागली.

लांब बघण्याचं काम मला जास्त प्रिय आहे, म्हणून त्याबद्दल कमी बोलतो. यातून पैसा परत येत नाही, येईल असं सांगूही नये. विश्वाचं वय समजल्याने कुणाचं भाडं भरलं जात नाही. पण हे ज्ञान जगातल्या कुठल्याही माणसाला सारखंच मिळतं, म्हणूनच कुठलीही कंपनी त्यावर पैसे घालणार नाही. सार्वजनिक पैसा घालायचा तो अशाच ठिकाणी. चांद्रयान-१ ला २००८ साली ३८६ कोटी रुपये लागले आणि त्यावरच्या नासाच्या उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याचा माग लावला. या दर्जाच्या ज्ञानाला ही रक्कम महाग म्हणता येणार नाही. याच खात्यात मी लघुग्रहांवरची पाळतही धरतो. २०१३ साली रशियातल्या चेल्याबिन्स्कवर जेमतेम वीस मीटरचा दगड हवेत फुटला आणि दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. तो येताना कुणालाच दिसला नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने डार्ट नावाचं यान एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं आणि त्याच्या प्रदक्षिणेचा वेळ सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. खर्च साधारण ३२.५ कोटी डॉलर. सगळ्या मानवजातीचा विमा म्हणून हा हप्ता मला स्वस्तच वाटतो.

मग उरतो माणूस. इथे माझा हात आखडतो.

माणसाला वर न्यायचं म्हणजे त्याच्यासोबत हवा, पाणी, ऊब, शौचालय आणि मुख्य म्हणजे जिवंत परतीची हमी न्यायची. खर्च या हमीचा असतो. स्पेस शटल वर्षाला पन्नासच्या आसपास उड्डाणं करील आणि प्रवास स्वस्त होईल असं सांगून मंजूर करून घेतलं गेलं. तीस वर्षांत १३५ उड्डाणं झाली, दोन यानं आणि चौदा माणसं गेली, आणि एकूण खर्चाला उड्डाणांनी भागलं तर एकेक उड्डाण दीड अब्ज डॉलरच्या आसपास पडलं. नासाच्याच महानिरीक्षकांनी २०२२ साली संसदेला सांगितलं की चंद्राकडे परत जाण्याच्या आर्टेमिस कार्यक्रमातल्या पहिल्या चार उड्डाणांना प्रत्येकी ४.१ अब्ज डॉलर लागतील, आणि हे परवडणारं नाही. याच कार्यक्रमाच्या रॉकेटने गुरूच्या युरोपा या चंद्राकडे जाणारं क्लिपर यान पाठवायचं, असा आग्रह अमेरिकी संसदेने वर्षानुवर्षं धरला होता. शेवटी खासगी कंपनीचं रॉकेट घ्यायची मुभा मिळाली आणि सुमारे दोन अब्ज डॉलर वाचले. म्हणजे डार्टसारख्या सहा मोहिमा. संसदेचा हट्ट विज्ञानासाठी नव्हता. रॉकेट बांधणारे कारखाने कुणाकुणाच्या मतदारसंघात आहेत, यासाठी होता.

समोरच्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही. अपोलोच्या अंतराळवीरांनी ३८२ किलो चांद्रखडक आणले. त्याच काळात सोव्हिएत यंत्रमानवांनी तीन मोहिमांत मिळून जेमतेम तीनशे ग्रॅम माती आणली. हबल दुर्बिणीचा आरसा सदोष निघाला तेव्हा १९९३ साली माणसांनीच वर जाऊन तिला दृष्टी दिली. माणसाचे हात आणि नजर यांना अजून पर्याय नाही, हे मान्य. पण चंद्रावर चाललेल्या बारा माणसांत व्यवसायाने वैज्ञानिक किती होते? एक. हॅरिसन श्मिट, भूगर्भशास्त्रज्ञ, आणि तेही शेवटच्या मोहिमेत. खडकांसाठी गेलो होतो असं म्हणणाऱ्यांनी खडक ओळखणारा माणूस सगळ्यात शेवटी नेला. ती मोहीम ज्यासाठी होती त्यासाठी यशस्वी झाली: सोव्हिएत संघाच्या आधी झेंडा रोवायचा होता.

विक्रम साराभाईंना हा फरक नेमका कळला होता. विकसनशील देशाने अवकाशात का पडावं या प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी सांगितलं होतं की चंद्र, ग्रह किंवा मानवी उड्डाण यांत संपन्न देशांशी स्पर्धा करण्याची स्वप्नं आम्ही पाहत नाही. पण प्रगत तंत्रज्ञान माणसांच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांना लावण्यात आम्ही कुणाच्या मागे राहता कामा नये. त्यांच्या या विचाराला धरून १९७५-७६ साली अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखवले गेले. स्वतःचा दळणवळण उपग्रह अजून नव्हता, पण त्याचा उपयोग काय करायचा हे आधी तपासून झालं होतं. हा क्रम मला विलक्षण वाटतो. आज तोच देश त्या वाक्यातल्या तिन्ही ठिकाणी पोचतो आहे. चंद्र आणि मंगळ त्याने थक्क करणाऱ्या काटकसरीने गाठले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मानवी उड्डाणाच्या गगनयान कार्यक्रमाची मंजूर रक्कम २०२४ साली २०,१९३ कोटी रुपयांवर गेली. चांद्रयान-३ चा खर्च ६१५ कोटी होता. म्हणजे तशा बत्तीस मोहिमा. त्या बत्तीसांच्या ऐवजी हे का, याचं उत्तर कुणी मागितल्याचं आठवत नाही. मागितलं तर देशाभिमानावर शंका घेतल्यासारखं होतं.

हौसेला मोल नसतं, असं आपण म्हणतो. ते स्वतःच्या खिशातल्या हौसेपुरतं खरं. स्वतःच्या पैशाने वर जाणाऱ्या अब्जाधीशांशी माझं भांडण नाही, एवढंच की ते ‘स्वतःच्या’ शब्दाकडे नीट बघावं. २००८ साली अडचणीत असलेल्या एका खासगी रॉकेट कंपनीला नासाने १.६ अब्ज डॉलरचं मालवाहतुकीचं कंत्राट दिलं आणि ती तरली. सौदा सरकारला लाभला, रॉकेट स्वस्त झाली. पण धोका सार्वजनिक आणि नफा खासगी ही वाटणी तेव्हाच पडली. उद्या चंद्रावरच्या पाण्यावर हक्क सांगायची वेळ येईल तेव्हा ते पाणी कुणाच्या पैशाने शोधलं हे कुणाला आठवणार आहे?

माझं ऐकायचं झालं तर खाली बघण्याचा पैसा वाढवावा, आणि त्याच्या जोडीने निवारे, भोंगे, प्रशिक्षित माणसं यांचा खर्च त्याच प्रस्तावात लिहावा. लांब बघण्याचा पैसा फार वाढवू नये, पण दर निवडणुकीला हलवूही नये, कारण वीस वर्षांच्या मोहिमेला पाच वर्षांचं सरकार पुरत नाही. आणि मानवी उड्डाणाची घोषणा होईल तेव्हा तीन गोष्टी छापून हव्यात: पहिला अंदाज काय होता आणि आता किती, या पैशात दुसरं काय करता आलं असतं, आणि यंत्र पुरत असताना माणूसच का. तिसऱ्याचं उत्तर ‘अभिमान’ असलं तरी चालेल. तसं स्पष्ट लिहा, म्हणजे विज्ञानाच्या खात्यातून त्याचे पैसे काढायला नकोत.